मांसाचं तापमान मांसालाच विचारा
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

अमेरिकेतल्या वाचकांकडून उन्हाळ्याच्या तोंडावर पेलेट स्मोकरविषयी (लाकडाच्या भुशाच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, जाळून धुरावर मांस शिजवणारी पेटी) पत्रं यायला लागतात. यंदा त्यांतली बहुतेक थर्मामीटरबद्दल आहेत, म्हणून हे सदर त्यालाच दिलं आहे. तिथली उपकरणं फॅरनहाइट दाखवतात, त्यामुळे आकडेही त्यातच दिले आहेत. जिथे सेल्सिअस आहे तिथे तसं लिहिलं आहे.

प्रश्न : नवा पेलेट स्मोकर घेतला आहे. पडद्यावर तापमान दिसतं, सोबत मांसात खुपसायचा एक प्रोबही आला आहे. मग वेगळा थर्मामीटर कशाला? आणि घ्यायचाच तर पहिला कोणता? (एडिसन, न्यू जर्सी)

पडद्यावरचा मोठा आकडा तुमच्या मांसाचा नसतो. आतल्या भिंतीला एक छोटी धातूची कांडी बसवलेली असते, तिच्याजवळच्या हवेचं ते तापमान. कंट्रोलर तेवढंच वाचतो आणि त्यावरून ठरवतो की ऑगर (पेलेट पुढे ढकलणारा स्क्रू) फिरवून फायर पॉटमध्ये (पेलेट जळतात त्या भांड्यात) आणखी पेलेट टाकायचे की थांबायचं. विस्तव सहसा मध्यभागी, कांडी कडेला आणि मांस जाळीवर. त्यामुळे पडद्यावर 225 असताना जाळीच्या एका टोकाला 210 आणि दुसऱ्या टोकाला 240 असणं अगदी नेहमीचं. जुन्या पद्धतीचे कंट्रोलर ठराविक सेकंद ऑगर चालवतात, ठराविक सेकंद बंद ठेवतात, त्यांत आकडा सतत वर-खाली होतो. नव्या पीआयडी, म्हणजे तापमान बघत पेलेट कमी-जास्त करत राहणाऱ्या, कंट्रोलरमध्ये तो बराच स्थिर राहतो. हे वर-खाली होणं मनावर घेऊ नका. चार-पाच किलोचा तुकडा दोन मिनिटांच्या चढउताराला दाद देत नाही.

सोबत आलेला प्रोब फेकू नका, पण पारखून घ्या. बर्फाच्या पाण्यात तो 32 दाखवायला हवा (कृती पुढे आहे). दोन-तीन अंशांचा फरक असेल तर लक्षात ठेवून वापरता येतो आणि काही कंट्रोलरमध्ये तो दुरुस्तही करता येतो. आठ-दहा अंश चुकत असेल तर त्याच्यावर कोंबडी सोडू नये.

पहिली खरेदी मात्र हातात धरायच्या, झटपट आकडा दाखवणाऱ्या थर्मामीटरची करा. आत ठेवलेला प्रोब एकाच जागेची खबर देतो. मांस मात्र एकसारखं शिजत नाही. काढायचं की ठेवायचं हे ठरवताना चार जागी टोचून पाहावं लागतं आणि ते काम याच थर्मामीटरचं. शिवाय तो स्मोकरपुरता राहत नाही. विरजण लावताना दूध 110 अंशांच्या आसपास आलं का, तळणीचं तेल 350 झालं का, हेही त्यानेच बघता येतं.

घेताना चार गोष्टी बघा. वेग पहिला: आकडा तीन सेकंदांच्या आत स्थिर व्हायला हवा. याचं कारण पेलेट स्मोकरच्या स्वभावात आहे. झाकण उघडलं की आतली हवा निघून जाते, कंट्रोलरला वाटतं विस्तव मंदावला आणि तो पेलेट ओतत सुटतो. झाकण बंद केलं की ते सगळे पेटतात आणि तापमान ठरवलेल्या आकड्याच्या बरंच वर जातं. अर्धा मिनिट झाकण धरून आकड्याची वाट बघणं म्हणजे दर वेळी हा खेळ ओढवून घेणं. दुसरं, टोक बारीक हवं आणि सेन्सर अगदी टोकाशी हवा. तिसरं, अचूकता एका अंशाच्या आतबाहेर. चौथं, पाण्यापासून बचाव, कारण तो आज ना उद्या सिंकमध्ये पडणारच.

युटाच्या थर्मोवर्क्स कंपनीचा ‘थर्मापेन वन’ एका सेकंदात, अर्ध्या अंशाच्या अचूकतेने सांगतो; किंमत साधारण शंभर डॉलर. त्यांचाच ‘थर्मोपॉप’ जवळपास तिपटीने स्वस्त आहे आणि घरगुती कामाला पुरेसा आहे. पंधरा-वीस डॉलरवाले बर्फाच्या परीक्षेत सहसा पास होतात. त्यांची रड बिजागरी आणि पाणी यांची: वर्ष-दीड वर्षात टोचायचा काटा सैल होतो किंवा पडद्याच्या आत वाफ जमते.

गोल तबकडीचा काटेवाला थर्मामीटर घेऊ नका. त्याची तापमान ओळखणारी धातूची गुंडाळी दांडीत दोन-अडीच इंच पसरलेली असते, म्हणजे तेवढ्या लांबीची सरासरी तो सांगतो. कोंबडीच्या मांडीत तेवढी जागाच नसते. इन्फ्रारेड बंदूक फक्त पृष्ठभाग वाचते. तवा किती तापला हे बघायला ती छान, मांसाच्या आत काय चाललंय हे तिला कळत नाही.

प्रश्न : आत ठेवायचा प्रोब वायरचा घ्यावा की बिनवायरी? जाहिरातीत शेकडो फूट रेंज लिहिलेली असते, पण मित्राच्या फोनवर स्वयंपाकघरात येईपर्यंत सिग्नल जातो. (फ्रिस्को, टेक्सास)

रेंज मोकळ्या मैदानात मोजलेली असते. तुमचा प्रोब मात्र पोलादी पेटीत, झाकणाखाली, अर्धा मांसात रुतलेला असतो. धातू रेडिओलहरी अडवतो, त्यात भर घराच्या भिंतींची. म्हणून बिनवायरी प्रोब घेताना प्रोबची रेंज विचारण्यापेक्षा त्याचा तळ, म्हणजे चार्जिंगची पेटी, सिग्नल पुढे पाठवते का ते विचारा. ती पेटी स्मोकरच्या शेजारी ठेवायची आणि तिने ब्लूटूथने किंवा वाय-फायने फोनपर्यंत बातमी न्यायची. ही सोय नसलेलं मॉडेल अंगणात बसून राहणाऱ्यांसाठीच.

बिनवायरी प्रोबमध्ये बॅटरी आणि सर्किट कांडीच्या पोटातच असतं. त्यामुळे कांडीवर एक खूण असते आणि तिथपर्यंत प्रोब मांसात जायलाच हवा. ‘मीटर’ नावाच्या लोकप्रिय प्रोबच्या पहिल्या पिढीत मांसातल्या भागाची मर्यादा 212 अंश आणि बाहेरच्या टोकाची 527 अंश आहे. खूण उघडी राहिली तर आतलं सर्किट भाजून निघतं. नव्या पिढ्या जास्त उष्णता सोसतात, तरी उघड्या ज्वाळेवर मांस परतताना प्रोब आधी काढून ठेवावा. (ही कंपनी 2021 मध्ये पेलेट स्मोकर बनवणाऱ्या ट्रेगरने विकत घेतली. त्यामुळे ट्रेगरच्या वरच्या श्रेणीतल्या काही स्मोकरशी तो थेट जोडला जातो.)

आणखी एक फसगत. बिनवायरी प्रोबचं बाहेरचं टोक हवेचं तापमानही दाखवतं. पण ते असतं ओल्या, थंड मांसापासून इंच-दोन इंचांवर. तिथली हवा बाष्पीभवनामुळे थंड असते आणि सुरुवातीच्या तासांत आकडा खऱ्यापेक्षा वीस-तीस अंशांनी कमी येऊ शकतो. तो बघून स्मोकर वाढवायला जाल तर मांस बाहेरून करपेल. हवेसाठी वेगळा, जाळीला चिमटा लावून बसवायचा प्रोबच हवा.

वायरचे प्रोब दिसायला गबाळे, पण कामाला दणकट. चांगली वायर 700 अंशांपर्यंत टिकते, कांडी बारीक असते, एका यंत्राला दोन-चार प्रोब लागतात, बॅटरी महिनोन् महिने चालते. स्मोकरच्या कुशीत वायर घालायला बहुधा रबरी झाकणाचं भोक असतं. तिथूनच आत घ्या. झाकणाखाली चेपून नेलेली वायर फार दिवस टिकत नाही. उरलेली वायर सैल गुंडाळून बाहेर ठेवा, विस्तवाच्या वर लोंबू देऊ नका.

आमचं मत विचाराल तर, रात्रभर ब्रिस्केट (गाईच्या छातीचा मोठा, चिवट तुकडा) लावणाऱ्याने दोन प्रोबचा वायरवाला संच घ्यावा: एक मांसात, एक जाळीवर. आणि त्याचा रिसीव्हर स्वतंत्र असावा, फोनच्या ॲपवर विसंबलेला नसावा. पहाटे तीनला उशाशी वाजणारं यंत्र हवं. ॲप अपडेट मागत बसलं की उपयोग नाही. फिरत्या सळईवर कोंबडी भाजणाऱ्यांना मात्र बिनवायरीशिवाय इलाज नाही. अलीकडे ‘कम्बशन’ कंपनीच्या प्रोबसारखे काही प्रोब एकाच कांडीत आठ सेन्सर घेऊन येतात आणि सर्वांत थंड जागा स्वतःच शोधतात. मांसाचा मध्य नेमका कुठे हे ज्याला हाताने सापडत नाही, त्याला ही खरी मदत आहे. मांस कधी होईल याची ‘अजून 2 तास 10 मिनिटं’ असली प्रोबची भाकितं मात्र ब्रिस्केटच्या बाबतीत गमतीपुरती बघावीत.

प्रश्न : सगळीकडे लिहिलेलं असतं की ब्रिस्केट 203 अंशांवर काढा. माझी 198 वर जाऊन तास-तास तिथेच बसते. उकळत्या पाण्यात थर्मामीटर 202 दाखवतो, म्हणजे तो बिघडलाय का? (डेन्व्हर, कोलोरॅडो)

थर्मामीटर ठणठणीत आहे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 5,280 फुटांवर आहे आणि दर पाचशे फुटांमागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने खाली येतो. म्हणजे तुमच्याकडे पाणी 202 च्या आसपासच उकळणार. 212 ची अपेक्षा समुद्रकाठच्या माणसाने करावी.

म्हणूनच परीक्षा बर्फाची घ्यावी, ती कुठेही 32 अंशांचीच असते. बर्फ बारीक फोडून उंच पेला काठोकाठ भरा. मग फटी भरतील इतकंच पाणी ओता, बर्फाच्या वर पाणी तरंगता कामा नये. ढवळून दोन-तीन मिनिटं थांबा. टोक बर्फाच्या मधोमध धरा, पेल्याच्या तळाला किंवा काचेला लावू नका, आणि हळूहळू हलवत राहा. इथे चूक होते ती पाण्यात चार खडे टाकून मोजण्याची. अशा पेल्यात तळाचं पाणी 35-36 अंशांचं असतं आणि निर्दोष थर्मामीटर वाईट ठरतो.

आता ब्रिस्केट. ती वाटेत दोनदा अडते. पहिला अडसर सगळ्यांना भेटतो, 150 ते 170 च्या दरम्यान. मांसातून पाझरणारं पाणी पृष्ठभागावरून उडत जातं आणि घाम जसा अंग थंड करतो तसं मांस थंड करतं. जेवढी उष्णता स्मोकर देतो तेवढी बाष्पीभवन घेऊन जातं. आकडा दोन ते पाच तास हलत नाही आणि नवखा माणूस थर्मामीटरवर संशय घेतो. वरचं कवच हवं तसं काळपट झालं की बुचर पेपरमध्ये (मांस गुंडाळायच्या जाड कागदात) किंवा फॉइलमध्ये गुंडाळा, आकडा पुढे सरकतो. फॉइलने लवकर, पेपरने सावकाश, पण पेपरमध्ये कवच मऊ पडत नाही.

दुसरा अडसर उंचीवर राहणाऱ्यांचा आहे. मांसात पाणी आहे तोवर त्याचं तापमान त्या पाण्याच्या उत्कलनबिंदूपुढे सहजी जात नाही. डेन्व्हरला ती भिंत 200 च्या थोडी पुढेच उभी आहे. 203 गाठण्याच्या हट्टाने तुम्ही मांस वाळवत बसता.

203 हा आकडा तसाही अंदाजाचाच. ब्रिस्केटमधलं चिवट कोलॅजन जिलेटिनमध्ये बदललं का, हे तापमानाइतकंच वेळेवरही अवलंबून असतं. 190 पासून हातातल्या थर्मामीटरने टोचायला सुरुवात करा आणि आकड्याऐवजी हाताला काय जाणवतं ते बघा: शिजलेल्या सुरणात सुरी जाते तसा काटा विनाअडथळा जायला हवा. टोचायचं ते चपट्या भागाच्या मधोमध, दोन-तीन जागी. चरबीचा जाड भाग आधीच मऊ होतो, तो तुम्हाला फसवेल. तुमच्या उंचीवर हे बहुधा 195 ते 199 च्या दरम्यान होईल. झालं की काढा, पेपरसकट टॉवेलमध्ये गुंडाळून रिकाम्या कूलरमध्ये किमान तासभर ठेवा.

प्रश्न : हलाल दुकानातून बोकडाची अख्खी रान (मागची तंगडी) आणतो. 145 ला सुरक्षित असं वाचलं, म्हणून तिथे काढली तर चिवट. पुढच्या वेळी तासभर जास्त ठेवली तर कोरडी. कोंबडीही मांडीला कच्ची वाटते. प्रोब कुठे खुपसायचा? (मिल्पिटास, कॅलिफोर्निया)

सुरक्षित आणि मऊ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे असे: गाय, डुक्कर, मेंढी, बोकड यांच्या अख्ख्या तुकड्यांना 145 अंश आणि वर तीन मिनिटांचा विसावा, खिम्याला 160, कोंबडी-टर्कीला, खिमा असो वा अख्खी, 165. खिम्याचा आकडा जास्त का, तर अख्ख्या तुकड्यावरचे जंतू पृष्ठभागावर असतात, दळताना ते आतपर्यंत जातात. सीख कबाबाला म्हणून 145 चालत नाही.

तुमच्या रानेचं दुखणं वेगळं. 145 ला ती खायला सुरक्षित झाली, पण वयाने मोठ्या बोकडाचे स्नायू आणि पडदे तेव्हा जसेच्या तसे असतात. तासभर जास्त ठेवलीत तेव्हा ती 165-170 ला पोचली असणार, आणि तो सर्वांत वाईट टप्पा: रस पिळून निघालेला असतो आणि कोलॅजन अजून विरघळलेलं नसतं. तिथून परत फिरू नका, पुढे जा. मात्र बोकडात चरबी कमी, त्यामुळे उघड्यावर पुढे गेलात तर वाळेल. 250 ला उघडी ठेवून आतून 155-160 करा, तेवढ्यात धूर पुरेसा लागतो. मग खोल ट्रेमध्ये मुरवणाचं उरलेलं दही आणि कपभर पाणी घालून रान ठेवा, फॉइलने घट्ट झाका आणि 195 च्या आसपास नेऊन काटा सहज जातो का बघा. दोन-अडीच किलोच्या रानेला सगळे मिळून पाच ते सहा तास धरून चाला. कोवळ्या मेंढीची रान असेल तर एवढा खटाटोप नको, ती 145 ला कापून खाण्यासारखी होते.

प्रोब कडेने, सर्वांत जाड भागात, हाडापासून किमान अर्धा इंच दूर. हाडाला लागलेलं टोक मांसाचं तापमान सांगत नाही. मध्य कसा सापडला हे कळायला एक युक्ती आहे. झटपट थर्मामीटर मध्याच्या पलीकडे जाईल इतका खोल घाला आणि आकड्याकडे बघत सावकाश मागे ओढा. आकडा उतरत जाईल, मग पुन्हा चढू लागेल. सर्वांत कमी आकडा तोच खरा. आतला प्रोबही मग त्याच जागी बसवा. दह्या-मसाल्याचा जाड थर असेल तर टोचण्याआधी तिथला थोडा पुसून घ्या. आणि कच्च्या मांसात घातलेला काटा गरम साबणपाण्याने धुतल्याशिवाय पुन्हा घालू नका. हे बरेच जण विसरतात.

कोंबडीच्या छातीत प्रोब मानेच्या बाजूने, छातीच्या हाडाला समांतर घाला. छाती 165 ला काढा. मांडी मात्र 175 ते 180 पर्यंत न्या. 165 ला ती सुरक्षित असते पण रबरासारखी लागते, तुम्हाला कच्ची वाटते ती यामुळे. अख्ख्या कोंबडीत दोन्ही जमवायचं तर पाठीचा कणा कापून ती पसरून ठेवा आणि मांड्या जास्त गरम बाजूला करा. स्मोकर 325 ते 350 वर ठेवा, 225 ला कातडं चामड्यासारखं होतं. एवढ्या आचेवर बाहेर काढल्यावरही मांस पाच-दहा अंश चढतं; 225 वर शिजवलेलं दोन-चारच.

धुरावर शिजलेलं मांस कडेला गुलाबी राहतं. धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसातल्या मायोग्लोबिन या लाल रंगद्रव्याशी जोडला जाऊन तो रंग पक्का होतो. पाहुण्यांनी ‘कच्चं आहे’ म्हटलं तर वाद घालण्यापेक्षा थर्मामीटर टोचून दाखवा.

प्रश्न : वायरचा प्रोब मध्येच ‘एचएचएच’ दाखवतो. मागच्या हिवाळ्यात तर रात्री विस्तवच विझला आणि सकाळी मांस कोमट मिळालं. (मिनीॲपोलिस, मिनेसोटा)

अशी अक्षरं किंवा वेडेवाकडे आकडे येतात ते बहुधा कांडी आणि वायर जोडली जाते त्या गळ्यात पाणी शिरल्याने. प्रोब सिंकमध्ये बुडवून धुतला की हे होतंच. कांडी फक्त ओल्या कपड्याने पुसावी. आधी पिन नीट बसली आहे का बघा. मग कांडी आणि गळा 250 अंशांच्या ओव्हनमध्ये तासभर ठेवा, पिनचं टोक दाराबाहेर. सुधारला तर सुधारला. गळ्याशी वायर मुडपली असेल तर नवा घ्या. बिनवायरी प्रोबवर किंवा झटपट थर्मामीटरवर हा उपाय करू नका.

विझलेला विस्तव जास्त गंभीर. ओलसर पेलेट फुगतात, किंवा हॉपरमध्ये (पेलेट भरायच्या डब्यात) पेलेटची कमान होऊन खाली पोकळी राहते आणि ऑगर रिकामा फिरतो. यावर उपाय थर्मामीटरमध्येच आहे: जाळीवरच्या प्रोबला खालच्या तापमानाचा अलार्म लावा. स्मोकर 225 वर असेल तर 180 ला. बहुतेक लोक फक्त मांसाचा वरचा अलार्म लावून झोपतात. विस्तव विझला तर तो कधीच वाजत नाही. मांस 40 ते 140 अंशांच्या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहिलं असेल, किंवा किती वेळ राहिलं ते सांगता येत नसेल, तर टाकून द्या. पुन्हा गरम करून भागत नाही, काही जंतूंचं विष उष्णतेने जात नाही. आणि लगेच बटण दाबून स्मोकर पेटवू नका. आधी तो बंद करून गार होऊ द्या, मग फायर पॉटमध्ये साठलेले पेलेट काढा. नाहीतर ते एकदम भडकतात.

भिंतीवरची कांडी काजळीने माखली की कंट्रोलरही चुकतो. चार-पाच वापरांनी, स्मोकर गार असताना, ती पुसून काढा.

प्रश्न : मुलगा डॅलसहून येताना असा थर्मामीटर आणणार आहे. इथे उपयोग होईल का? (पुणे)

होईल. सेल्सिअसवर करायची कळ बहुतेकांत असते. घेताना साध्या पेन्सिल सेलवर चालणारा घ्यायला सांगा. ओव्हनमधल्या अख्ख्या कोंबडीला 74 अंश सेल्सिअस बघा, आणि पुण्यात पाणी 98 च्या आसपास उकळतं, तेव्हा 100 दाखवलं नाही म्हणून तो परत पाठवू नका.